खरवडलेला भाऊ

राजेवाले काका माणसाकडे समोरून बघायचे नाहीत. लिफ्टमध्ये भेटले तरी तुमच्या बाजूला येऊन उभे राहायचे आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत तुमची एक कड डोळ्यांनी सावकाश उतरवून घ्यायचे. नवख्या माणसाला ते विचित्र वाटायचं. बोरीवलीच्या आमच्या सोसायटीत तळमजल्यावर माझा दातांचा दवाखाना आहे, आणि काका चौथ्या मजल्यावर एकटे राहायचे. पहिल्यांदा दाढ दाखवायला आले तेव्हा खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाले, "डॉक्टर, जरा खिडकीकडे तोंड करता?" मला वाटलं, बाहेरचं काहीतरी दाखवायचंय. मी वळले. त्यांनी माझी एक कड सावकाश बघून घेतली. मग म्हणाले, "हां, आता ओळख झाली. समोरून माणूस त्याला हवं ते दाखवतो. बाजूनं त्याला ते जमत नाही." आणि त्यांनी आ केला.

ही नजर त्यांना धंद्यानं दिली होती. साकीनाक्याच्या एका गाळ्यात चाळीसेक वर्षं ते पोलादाचे ठसे कोरत होते. शाळांची पदकं, संस्थांचे बिल्ले, वर्धापनदिनाला वाटायची नाणी. त्यावरचे सगळे संस्थापक, देणगीदार आणि मुख्याध्यापक त्यांनी एका बाजूनेच कोरले होते, तेही उलटे, म्हणजे दाबल्यावर सुलटे उमटतील असे. शेजारच्या गाळ्यात पितळ वितळवण्याची भट्टी होती. तिथे परदेशातून भंगार यायचं, नळ, बिजागऱ्या, दारांच्या मुठी, आणखी काय काय. एका दुपारी त्या ढिगात त्यांना मुठीएवढा हिरवा गोळा दिसला. भट्टीत जायच्या आधी त्यांनी तो मागून घेतला. पाण्यात ठेवल्यावर कित्येक महिन्यांनी तो सुटला आणि त्यातून नाणी निघाली. एका प्राध्यापकांनी बघून सांगितलं की ही रोमन आहेत, सतराअठराशे वर्षांपूर्वीची, कांस्याची. त्यानंतर भट्टीवाला असं काही दिसलं की बाजूला काढून ठेवायचा. मी ओळखायला लागले तोवर काकांकडे साठेक राजे जमले होते आणि सोसायटीत त्यांना दुसरं नावच उरलं नव्हतं.

त्यांच्या खिडकीत जॅमच्या बाटल्या ओळीने ठेवलेल्या असायच्या. प्रत्येकीत शुद्ध पाणी आणि तळाशी एक हिरवं नाणं. दर आठवड्याला पाणी बदलायचं, बाकी काही करायचं नाही. ॲसिड त्यांना शिवीसारखं वाटे. म्हणायचे, ॲसिडनं मळ जातो, पण मळाबरोबर तोंडही जातं. नाणं पुरेसं मऊ झालं की ते भिंगाखाली धरायचे आणि सुईनं कणाकणानं थर उचलायचे. माझ्याकडे दातांवरचं कीटण काढायची जुनी हत्यारं पडून होती, ती मी त्यांना नेऊन दिली. त्या रविवारपासून माझं वर जाणं सुरू झालं. दातांवर चालणारा हात नाण्यावरही चालला. त्यांनी मला एक बाटली नेमून दिली.

पहिला चेहरा माझ्या हातून वर आला ती दुपार मी विसरलेले नाही. आधी नुसता हिरवा खरबरीतपणा. मग एक कान. मग कानाभोवती दाढी. आणि एकाएकी, मी जिथे काहीच केलं नव्हतं तिथे, एक डोळा माझ्याकडे बघत होता. बाजूनं कोरलेल्या चेहऱ्याला समोर बघता येत नाही हे मला कळत होतं, तरी मी हत्यार खाली ठेवलं. काका शेजारून म्हणाले, "दचकू नका. खूप दिवसांनी उजेड आलाय त्याला." तो हेड्रियन नावाचा रोमन सम्राट निघाला.

घराबाहेर पडताना काका टेबलावरची सगळी नाणी पालथी करून जायचे. मी एकदा कारण विचारलं. ते म्हणाले की उताणी ठेवली तर परत आल्यावर खोली कोणीतरी वापरल्यासारखी वाटते. हे त्यांनी इतक्या साधेपणानं सांगितलं, जणू गॅस बंद केल्याचं सांगत होते.

सोसायटीतली माणसंही ते राजांच्या हिशेबानं ओळखायचे. जाड मानेचे, टकलू सेक्रेटरी म्हणजे व्हेस्पेशियन राजा. हा माणूस कुरकुर करेल पण पाण्याची टाकी दुरुस्त करून घेईल, असं त्यांचं भाकीत होतं आणि ते खरं ठरलं. केमिस्टच्या गळ्याखालच्या वळ्या बघून ते त्याला नीरो म्हणायचे. आम्ही हसायचो. ते हसायचे नाहीत. "चेहरे फार नसतात डॉक्टर," ते एकदा म्हणाले, "थोडेच असतात. तेच फिरून येतात. आपल्याला वाटतं हा आपला आहे."

त्यांना सगळ्यात जास्त विचारात पाडायचे ते ठसे कोरणारे कारागीर. राजा रोमला, आणि कोरणारा कुठल्यातरी लांबच्या गावात. त्यानं राजा कधीच बघितलेला नसायचा. वरून आलेल्या एखाद्या नमुन्यावरून तो चेहरा उतरवायचा. न बघितलेल्या माणसाला महिनाभर हाताखाली ठेवायचं म्हणजे काय, हे काकांना माहीत होतं, कारण त्यांनी स्वतः तेच केलं होतं.

दुसऱ्या वर्षी एका बाटलीतून जरा मोठं नाणं निघालं. मीच ते साफ करत होते. डाव्या बाजूला एक तरुण चेहरा आला, आखूड केसांचा, कपाळाला आठी घातलेला. तो उजवीकडे बघत होता. उजवीकडेही कोणीतरी असणार हे दिसत होतं, कारण खांदा होता, वस्त्राच्या चुण्या होत्या. पण खांद्याच्या वर काही नव्हतं. मला वाटलं, माझ्या हातून गेलं की काय. मी काकांकडे नाणं दिलं. त्यांनी ते खिडकीशी नेलं आणि बराच वेळ पाठ करून उभे राहिले.

मग त्यांनी सांगितलं. दोन भाऊ होते, दोघेही राजे. बाप मेल्यावर थोरल्या कॅराकल्लानं धाकट्या गेटाला मारलं. तो जीव वाचवायला आईच्या कुशीत शिरला होता, तिथेच मारलं. मग हुकूम निघाला की धाकट्याचं नाव कुठेही राहता कामा नये. शिलालेखांवरून नाव खोडलं, पुतळे फोडले. ज्या गावांनी दोघांचे चेहरे समोरासमोर ठेवून नाणी पाडली होती, तिथे कोणीतरी एकेक नाणं हातात घेऊन धाकट्याचं तोंड छिन्नीनं उडवत बसला.

"आणि तरी बघा," काका म्हणाले, "पुसलेला दिसत नाही, पण उरलेला अजून त्याच्याचकडे बघतोय."

मी सहज विचारलं, काका, तुम्हाला भावंडं किती? ते म्हणाले, "एक होता." आणि त्यांनी नाणं टेबलावर पालथं ठेवलं.

त्यांच्या आतल्या खोलीत एक फोटो होता. मी तो आधीही पाहिला असणार, पण त्या दिवशी पाणी प्यायला आत गेले तेव्हा पहिल्यांदा त्याच्यापुढे थांबले. मधे खुर्चीत आई बसलेली, तेर गावाजवळच्या त्यांच्या खेड्यातल्या बायकांसारखा डोक्यावर पदर. मागे डावीकडे तरुण काका. उजवीकडे पांढरा शर्ट, खुर्चीवर ठेवलेला हात, आणि कॉलरच्या वर एक पांढरा लंबगोल. फाडलेला नव्हता, शाई फासलेली नव्हती. कागदाच्या वरचा थर तेवढा खरवडून काढला होता, आणि इतक्या सफाईनं की कानाची कड शाबूत होती. असं काम करू शकणारा माणूस मला एकच माहीत होता.

पुढच्या रविवारी त्यांनी आपणहून सांगितलं. आई साकीनाक्याला त्यांच्याजवळ राहायची, गाळ्याच्या मागच्या खोलीत. थोरला भाऊ गावाकडे शिक्षक होता. एकदा तो आला आणि हे कामावर असताना आईला घेऊन गेला. महिन्याभरात आई तिकडे वारली. माझ्याजवळ राहिली असती तर जगली असती, असं काका मयताच्या घरी सगळ्यांसमोर म्हणाले. भाऊ काही बोलला नाही. त्याचं गप्प राहणं काकांना कबुलीसारखं वाटलं. परत येऊन त्यांनी फोटो खाली उतरवला. या गोष्टीला पंचवीस वर्षांहून जास्त झाली होती. "चेहरा काढायला वेळ लागला नाही," ते म्हणाले. "हात तयार होता ना."

नंतरच्या हिवाळ्यात काकांना मेंदूचा सौम्य झटका आला. आठवडाभर हॉस्पिटलात होते. चालणं, बोलणं सगळं परत आलं आणि आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. घरी आल्यावर दोन दिवसांनी ते दवाखान्यात आले. मी दारातच उभी होते. माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी अगदी अदबीनं विचारलं, "डॉक्टर आहेत का?"

मी बोलले तेव्हा आवाजावरून त्यांना कळलं. ते घाबरले. मी त्यांना आत घेतलं. हात धुवायला ते बेसिनपाशी गेले, समोरच्या आरशात बघून "सॉरी हां" म्हणाले आणि बाजूला झाले. आरशातल्या माणसाला त्यांनी वाट करून दिली होती.

मेंदूच्या डॉक्टरांनी समजावलं की झटक्यानं चेहरे ओळखणारा भाग दुखावलाय. नाक दिसतं, डोळे दिसतात, पण ते जोडून माणूस तयार होत नाही. असं होऊ शकतं, मीही शिकताना वाचलं होतं. पण काकांनी ते वेगळं सांगितलं. "सगळ्यांचं तोंड खरवडलेलं दिसतंय मला," ते म्हणाले. "खांद्यापर्यंत माणूस आहे, वर नाही. मी केलं होतं तस्सं." राजे मात्र गेले नव्हते. कुठलंही नाणं पुढे करा, ते नाव सांगायचे. मला भीती वाटली ती तेव्हा. जिवंत माणसांच्या जगातून त्यांना कोणीतरी काढलं होतं आणि मेलेल्यांच्यात ठेवलं होतं.

एका रविवारी मी गेले तर ते दोन भावांचं नाणं हातात घेऊन खिडकीत बसले होते. मला म्हणाले, तुमचा भिंगाचा चष्मा लावा आणि बघा, पुसलेल्या बाजूला काही दिसतंय का. दुपार कलली होती, ऊन आडवं येत होतं. मी नाणं हळूहळू फिरवलं. एका कोनात त्या सपाट धातूवर हनुवटीची कड उभी राहिली. मग ओठ. अगदी पुसट, श्वासानं काच धुरकटावी इतकं. मी हात जरा हलवला तर काही नव्हतं. पुन्हा त्या कोनात आणलं. होतं.

मी म्हटलं, ऊन आहे काका, उन्हाचा खेळ आहे.

"ऊन नाही," ते म्हणाले. "ठसा नुसता वरच्या थरावर बसत नाही. धातू खोलवर दबतो. वरचं कितीही खरवडा, आतला दबलेला राहतो. चाळीस वर्षं हेच केलंय मी, मला कळायला नको होतं?" मग म्हणाले, "त्याला बोलवा डॉक्टर. मला त्याचं तोंड आठवत नाही. झटक्याच्या आधीपासून आठवत नाही."

पत्ता त्यांच्याकडे नव्हता, गावाचं नाव होतं. मी तिथल्या शाळेत फोन केला, शाळेनं ग्रामपंचायतीत विचारलं, आणि तिसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्या आवाजानं मला उलट फोन केला. मी सगळं सांगितलं.  मग त्यांनी बोरीवलीला उतरून ईस्टला यायचं की वेस्टला एवढंच विचारलं.

काका थोरल्या भावाला दादा म्हणायचे, म्हणून ते आल्यावर मीही दादा म्हणू लागले. ऐंशीच्या पुढचे, काटकुळे, तोंडात एकही दात नाही, गाल आत गेलेले. मी त्यांना वर नेलं. काका आतल्या खोलीत भिंतीला पाठ करून बसले होते, आणि दादांची खुर्ची त्यांच्यापुढे, फोटोच्या बरोबर समोर ठेवली होती. ते आधीच माझ्या लक्षात यायला हवं होतं. दादांनी भिंतीकडे बघितलं. स्वतःचा शर्ट, स्वतःचा हात आणि वरचा तो पांढरा लंबगोल त्यांनी नीट बघून घेतला. मग ते खुर्चीत बसले.

"कोण आलंय?" काकांनी विचारलं.

दादांनी नाव सांगितलं नाही. त्यांनी धाकट्या भावाचा हात धरला आणि आपल्या गालावर ठेवला. काकांची बोटं आधी ताठ होती. मग ती चालायला लागली. ठशाचा खोलपणा ते असाच अंगठ्याच्या पेरानं तपासायचे. भुवई, नाकाचं हाड, जबडा. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "आईचा जबडा." मग मला म्हणाले, "डॉक्टर, तुमच्याकडचं मेण मिळेल?"

कवळी बनवायचं गुलाबी मेण मी वर नेलं. पुढच्या तीन दुपारी दोघं भाऊ समोरासमोर बसायचे. काका डाव्या हाताने दादांचा चेहरा चाचपायचे आणि उजव्या हाताने मेण कोरायचे, मेणाकडे न बघता. मी दवाखान्यातून मधूनमधून डोकावायचे. बोलणं फारसं नव्हतं. दुसऱ्या दुपारी मी चहा घेऊन गेले तेव्हा दादा बोलत होते आणि काकांचे हात थांबले होते.

"तीच म्हणली होती, मला इथून ने," दादा सांगत होते. "भट्टीच्या धुरानं तिला श्वास घेता येत नव्हता. पण धाकट्याला कळू देऊ नको म्हणली, त्याला वाटेल माझ्या घरी आईला त्रास झाला. मी शब्द दिला होता."

"मग मी बोललो तेव्हा तरी सांगायचं होतंस."

"तेव्हा ती घरात होती ना. अजून नेली नव्हती."

मी चहा तिथेच ठेवून बाहेर आले.  मग मेणावर हत्याराची खरखर पुन्हा सुरू झाली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी काम झालं. तळहाताएवढी मेणाची चकती, त्यावर एका बाजूनं चेहरा. मी ती हातात घेतली आणि दादांच्या तोंडाशेजारी धरली. रोज तोंडं बघणं हा माझा धंदा आहे. माझ्यासमोर बसलेल्या म्हाताऱ्याचे गाल पोकळ होते, ओठ आत वळलेले होते. मेणातला माणूस तिशीचा होता. गाल भरलेले, आणि वरचा ओठ किंचित पुढे आलेला, समोरचे दात पुढे असले की येतो तसा. मी दादांना विचारलं, तुमचे पुढचे दात कसे होते? ते म्हणाले, पुढे होते, शाळेत पोरं चिडवायची. चकती त्यांनी हातात घेतली आणि तिच्याकडे बघून म्हणाले, "हा मी आत्ताचा नव्हे. हा फोटो काढला त्या दिवशीचा आहे."

काकांना मी विचारलं, हे कसं जमलं? बोटांखाली तर आताचा चेहरा होता. ते दमले होते. म्हणाले, "मी काही केलं नाही. जिथे दबलेलं लागलं तिथे थांबलो."

दादा गावी परतले. नवव्या दिवशी दुपारी काका खिडकीपाशी बसल्या जागी गेले. पाणी बदलायला एक बाटली त्यांनी उघडली होती, झाकण हातात होतं. त्यांनी देहदानाचा फॉर्म फार पूर्वी भरला होता आणि साक्षीदार म्हणून सही माझी होती. वेळेत न्यावं लागतं. संध्याकाळच्या आत मेडिकल कॉलेजची गाडी येऊन गेली. नाणी त्यांनी एका महाविद्यालयाच्या इतिहास विभागाला लिहून दिली होती, ती मी यादीप्रमाणे पोचती केली.

दादा दुसऱ्या दिवशी सकाळी पोचले. रिकाम्या खोलीत थोडा वेळ बसले. सोसायटीतले चारजण येऊन भेटून गेले. दादांना काही न्यायचं नव्हतं. स्टेशनला सोडायला मी रिक्षा बोलावली, त्यांना आत बसवलं, पिशवी पायांशी ठेवली. रिक्षा निघणार तोच त्यांनी माझा हात धरला.

"डॉक्टर, एक विचारू? गावात मी सांगीन की भाऊ भेटला. तो कसा दिसत होता विचारलं, तर काय सांगू?"

मला समजलं नाही. मी म्हटलं, दादा, तीन दिवस तर तुम्ही समोर बसला होतात.

"मी डोळे मिटून बसलो होतो, एरवी मान खाली घालून," ते म्हणाले. "त्याची बोटं पापण्यांवर यायची म्हणून पहिल्यांदा मिटले. मग उघडायचा धीर झाला नाही. उघडले असते तर समोर तो फोटो दिसला असता, आणि त्याला वाटलं असतं मी अजून त्याच्यावर डोळे रोखून आहे. त्याला तसंही काही कळलं नसतं, पण मला वाटलं. आईच्या मयताला बघितला तोच मला ठाऊक आहे. म्हातारा झाल्यावर कसा झाला, मी बघितलंच नाही."

रिक्षावाल्यानं आरशातून आमच्याकडे बघितलं आणि इंजिन बंद केलं. दादांनी पुन्हा डोळे मिटून घेतले. मी रिक्षाच्या दांड्याला धरून वाकले आणि कपाळापासून सांगायला सुरुवात केली.